‘क्वीन’ हा बँड ऐकावा तसा पाहावाही

महोदय,

रॉक संगीताविषयी मराठी वृत्तपत्रांत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात गाजलेली गाणी आणि कलावंतांची खासगी आयुष्ये यांचीच चर्चा अधिक असते. त्यांच्या मैफलींच्या चित्रफिती म्हणजे चाहत्यांच्या हौसेचा भाग, असे समजून त्या बाजूला ठेवल्या जातात. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडच्या बाबतीत ही उपेक्षा मला फार खटकते. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि बास गिटारवादक जॉन डीकन या चौघांची कला जितकी त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत आहे तितकीच, किंबहुना काकणभर जास्तच, त्यांच्या व्हिडिओंत आहे, असे माझे अनेक वर्षांच्या श्रवणानंतर आणि दर्शनानंतर ठाम मत झाले आहे.

याचा आरंभ १९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’पासून करावा लागेल. जवळजवळ सहा मिनिटांचे हे गाणे, त्यातही मधला ऑपेराच्या ढंगाचा भाग, दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात नुसते ओठ हलवून सादर करणे अवघड होते, शिवाय बँड दौऱ्यावर जाणार होता. म्हणून दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी एल्स्ट्री स्टुडिओत अवघ्या काही तासांत त्याचा व्हिडिओ चित्रित केला. त्यात एकच चेहरा मागे मागे विरत जाताना दिसतो, ती किमया कॅमेरा मॉनिटरच्याच पडद्यावर रोखून साधलेली आहे; मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या प्रतिमांसाठी विशिष्ट आकाराचे भिंग वापरलेले आहे. आज संगणकावर याहून कितीतरी झगमगीत दृश्ये सहज तयार होतात, पण गाण्याच्या रचनेशी इतके इमान राखणारी दृश्ये क्वचितच पाहायला मिळतात.

१३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीत क्वीनने लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर केलेले सादरीकरण तर पुन्हा पुन्हा अभ्यासावे असे आहे. बँडवरील ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ याच नावाच्या २०१८ च्या चित्रपटामुळे हा प्रसंग नव्या पिढीला ठाऊक झाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र ज्यांनी केवळ तो चित्रपट पाहिला आहे, त्यांनी मूळ चित्रण अवश्य पाहावे. वीस-एकवीस मिनिटांचा वेळ, दिवसाउजेडी सादरीकरण, त्यामुळे रंगीत दिव्यांचा काहीही आधार नाही, आणि समोर सुमारे ७२ हजार माणसे, जी केवळ क्वीनसाठी आलेली नव्हती. मर्क्युरी पांढऱ्या बंडीत आणि फिकट जीन्समध्ये पियानोपाशी बसतो आणि पहिल्या काही सुरांतच मैदान त्याच्याबरोबर गाऊ लागते. पियानोवर शीतपेयांचे कागदी पेले तसेच पडलेले आहेत, ते हलवण्याचीही कोणाला सवड झालेली नाही.

त्यानंतरचे ‘रेडिओ गा गा’ हे टेलर यांनी लिहिलेले गाणे मला या संपूर्ण चित्रफितीचा गाभा वाटते. आदल्या वर्षी आलेल्या त्याच्या व्हिडिओत, ज्यात फ्रिट्झ लँग यांच्या १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटातील दृश्ये वापरली आहेत, बँडच्या चाहता मंडळातील शेकडो सभासद हात उंचावून दोन-दोन टाळ्या देताना दिसतात. वेम्बलीत ध्रुवपद येताच त्याच दोन टाळ्या सबंध मैदानभर, अचूक ठेक्यावर पडतात. ती तालीम लोकांना कोणी दिली? व्हिडिओनेच दिली. पडद्यावर पाहिलेले श्रोत्यांनी मैदानात साकारले आणि ते चित्रण पुन्हा जगभर पडद्यावर गेले. व्हिडिओ म्हणजे निव्वळ जाहिरात, असे म्हणणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. पुढे मर्क्युरी काहीही न वाजवता, केवळ आवाजाच्या बळावर, लोकांना एकेक स्वरावली देत जातो आणि ते ती परत करीत जातात. बैठकीत गुरूने जागा घ्यावी आणि शिष्याने ती उचलावी, तसाच हा व्यवहार आहे, फक्त येथे शिष्य हजारोंच्या संख्येने आहेत आणि गुरू त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकून मोकळा झाला आहे.

रॉक म्हणजे गोंगाट, असे ज्यांना वाटते त्यांनी १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये मॉन्ट्रियल येथे ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेली मैफल पाहावी. ध्वनिमुद्रिकेत ‘समबडी टू लव्ह’मधला वृंदगायनाचा भास तीन गळ्यांवर थर चढवून निर्माण केलेला आहे, येथे मात्र ते तीनच गळे आहेत, आणि त्यांतले एक टेलर ड्रम वाजवता वाजवता वरच्या पट्टीत गात आहेत. मे यांची गिटार त्यांनी वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली आहे, आणि ते ती प्लास्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने छेडतात. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’चा ऑपेराचा भाग आला की चौघेही सरळ रंगमंचावरून निघून जातात आणि ध्वनिफीत वाजू देतात. जे प्रत्यक्ष गाता येत नाही ते गात असल्याचा आव त्यांनी आणला नाही, हा प्रामाणिकपणा मला थोर वाटतो. डीकन यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. जरूर द्यावे, कारण त्यांच्या बास गिटारवर ही सगळी इमारत उभी आहे.

२७ जुलै १९८६ च्या बुडापेस्ट येथील मैफलीत मर्क्युरी हंगेरियन लोकगीत गातो आणि त्याचे शब्द त्याने स्वतःच्या तळहातावर लिहून आणलेले आपल्याला दिसतात. परक्या भाषेतले चार शब्द यजमानांसाठी पाठ करण्याचा प्रयत्न करणारा हा गायक झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बुलसारा होता, आणि वयाच्या आठव्या वर्षी तो आमच्या पसरणी घाटाच्या माथ्यावरील पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला होता. तेथे तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये सहभागी झाला. पाचगणीला येणाऱ्या किती पर्यटकांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

१९९१ सालच्या मे महिन्यात चित्रित झालेल्या त्याच्या शेवटच्या व्हिडिओविषयी अधिक लिहिण्याचा धीर होत नाही. तो कृष्णधवल आहे, मर्क्युरी आजाराने अतिशय कृश झाला आहे, आणि तरीही प्रत्येक हातवारा नेमका आहे.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून सातारा, पुणे आणि अन्य ठिकाणच्या चित्रपट मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी मैफलींच्या चित्रपटांनाही आपल्या कार्यक्रमात स्थान द्यावे. मॉन्ट्रियलच्या चित्रणाची नवी, सुधारित प्रत २०२४ च्या जानेवारीत आयमॅक्सच्या पडद्यावरही दाखवली गेली, तेव्हा चांगली प्रत मिळवणे अशक्य नसावे. प्रदर्शनाचे रीतसर हक्क घेऊन, उत्तम ध्वनियंत्रणा असलेल्या सभागृहात आणि मध्यंतर न करता ती दाखवावी. पाचगणीत असा कार्यक्रम झाला, तर खुर्च्या मांडण्यापासूनच्या कामाला मी आनंदाने येईन.

आपला,
एक वाचक, वाई