मरळीची पिल्लं दिसली की गळ आवरा

मा. संपादक,
पावसाळा लागला की भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातल्या) तलावांवर रविवारी फॅमिलीसकट गळ टाकणारे दिसतात, आम्हीही जातो, पोरं मोबाईल विसरून गळाला गांडूळ लावायला शिकतात, फार छान वाटतं. पण एक कळकळीची विनंती. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळताना दिसला की खाली मोठी मरळ राखण करत असते आणि लोक नेमका तिथेच गळ टाकतात, कारण ती चिडून लगेच धरते. ती गेली की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात, मग पुढे मरळ येणार कुठून? बरेच तलाव ढिवर (मासेमार) बांधवांच्या संस्थांकडे लीजवर आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे, त्यामुळे आधी त्यांना विचारा. आणि तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकते.
- एक वाचक, साकोली