मॅटच्या प्रमाणपत्रावर रिफॉर्मरचे वर्ग आणि गंजलेल्या स्प्रिंगा: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
पिलाटीस स्टुडिओ, पणजी शाखा

विषय: रिफॉर्मरच्या बॅचला योग्य प्रशिक्षक न देणे, यंत्रांची देखभाल न करणे आणि उरलेल्या पॅकेजचा परतावा नाकारणे.

महोदय,

रिफॉर्मर, म्हणजे स्प्रिंगांच्या ताणावर रुळांवरून सरकणारी गादी (कॅरेज) असलेल्या यंत्रावरच्या सकाळच्या बॅचचे आम्ही सभासद हे पत्र एकत्र लिहीत आहोत. आमच्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, इथे येण्याआधी इतर शहरांत पिलाटीस शिकलेले लोकही आहेत. त्यामुळे बॅचमध्ये काय चुकते आहे आणि का, ते नेमके सांगता येईल.

आधीच्या प्रशिक्षिका सोडून गेल्यावर तुम्ही दिलेल्या नव्या प्रशिक्षिकांकडे फक्त मॅटवरच्या व्यायामाचे प्रमाणपत्र आहे. तुमच्या जाहिरातीत आणि पावतीवर मात्र ‘सर्टिफाइड रिफॉर्मर इन्स्ट्रक्टर’ असे छापलेले आहे. त्या मनापासून शिकवतात आणि त्यांच्यावर आमचा रोष नाही. ज्या यंत्राचे शिक्षण त्यांना मिळालेले नाही त्यावर त्यांना उभे करणाऱ्या कंपनीविरुद्ध ही तक्रार आहे.

‘सर्टिफाइड’ म्हटले की ग्राहक निश्चिंत होतो, पण त्या एका शब्दावरून काहीच कळत नाही. ‘पिलाटीस’ हे नाव कोणाच्याही मालकीचे नाही, असा निकाल अमेरिकेतल्या फेडरल न्यायालयाने 2000 मध्ये दिला. आपल्याकडेही हा व्यायाम शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. म्हणून विचारायचे ते हे: शिक्षण कोणत्या संस्थेचे, किती तासांचे आणि कोणत्या उपकरणांवरचे? मॅटचा अभ्यासक्रम थोडक्यात आटोपतो. रिफॉर्मर, कॅडिलॅक, चेअर आणि बॅरल ही सगळी उपकरणे धरून पूर्ण शिक्षण घ्यायचे तर शेकडो तास लागतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेला बसण्यासाठी अशा किमान 450 तासांच्या शिक्षणाची अट आहे. वरिष्ठांचे वर्ग पाहणे, स्वतःचा सराव आणि देखरेखीखाली शिकवणे हे सगळे त्यात येते. तुमच्या कार्यालयात आम्ही तासांबद्दल विचारले, तेव्हा कोणालाही आकडा सांगता आला नाही.

आता प्रत्यक्ष वर्गात काय घडते ते पाहा. सध्याच्या प्रशिक्षिका स्वतः एका रिफॉर्मरवर बसून आमच्याबरोबर पूर्ण व्यायाम करतात. आडवे पडलेल्या माणसाला दुसऱ्याची कंबर उचलली जातेय की खांदे कानाकडे चढताहेत, हे दिसत नाही. चांगला प्रशिक्षक एखाद-दुसरी हालचाल करून दाखवतो आणि उरलेला वेळ यंत्रांमधून फिरतो. आता तर बॅचमध्ये आठ यंत्रे एकदम चालतात. सगळ्यांना एकच स्प्रिंग सांगितली जाते, मग सभासद 45 किलोचा असो की 90 किलोचा.

स्प्रिंगबद्दलची गैरसमजूत तर धोक्याची आहे. ‘जड वाटत असेल तर एक स्प्रिंग काढा’ ही सूचना फुटवर्कला चालते, कारण तिथे पाठ टेकलेली असते आणि पाय स्प्रिंगविरुद्ध ढकलतात. फुटबारवर (यंत्राच्या टोकाच्या आडव्या दांडीवर) हात आणि कॅरेजवर पाय ठेवून प्लँक करताना हिशेब उलटा होतो. स्प्रिंग जितकी हलकी, तितकी कॅरेज सैल सुटते आणि ती आवरण्याचा भार पोटावर आणि खांद्यांवर येतो. नवशिक्याला अशा वेळी स्प्रिंग वाढवून द्यायची असते. आमच्या बॅचला ती कमी करायला सांगितले आणि एका सभासदाची कॅरेज झटक्यात मागे गेली. सर्व स्प्रिंगा काढलेल्या असताना कॅरेजवर चढायचे नाही, हा पहिल्या दिवशीचा नियमही नव्या सभासदांना कोणी सांगितलेला नाही.

प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेला आरोग्याचा फॉर्म वर्गापर्यंत पोचत नाही. हाडे ठिसूळ झालेल्या सभासदांना वजन घेऊन पाठीचा कणा पुढे वाकवणे टाळायला हवे, कारण मणक्याला चीर जाण्याचा धोका असतो. तरीही रोल-अप (आडवे पडून पाठ गोल करत उठणे) आणि गोल होऊन लोळण्याचे व्यायाम सर्वांकडून करून घेतले जातात. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी कंबर डोक्यापेक्षा वर नेणारे व्यायाम करू नयेत. शॉर्ट स्पाइन हा असाच एक व्यायाम करण्याआधी हेडरेस्ट (डोक्याखालचा आधार) खाली पाडायचा असतो, नाहीतर भार मानेवर येतो. आमच्या वर्गात ही सूचना ऐकू येत नाही. ‘हंड्रेड’ या डोके उचलून करायच्या व्यायामात मान दुखते म्हणणाऱ्याला डोके खाली ठेवून, गुडघे काटकोनात धरून तोच व्यायाम करू द्यायचा असतो. इथे ‘सवय होईल’ एवढेच उत्तर मिळते. दुखणे आणि दमणे यांतला फरक प्रशिक्षकाला कळायलाच हवा.

यंत्रांची अवस्था तर डोळ्यांना दिसते. गोव्यातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही, हे इथे व्यवसाय करणाऱ्याला नव्याने सांगायला नको. खिडकीकडच्या दोन यंत्रांच्या स्प्रिंगांवर गंज आहे. एका स्प्रिंगची वेटोळी सैल असतानाही एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये फट दिसते. अशी स्प्रिंग तुटायच्या बेतात असू शकते, तिची कामातून ताबडतोब सुट्टी व्हायला हवी. ताणलेली स्प्रिंग तुटली तर कॅरेजवरच्या माणसाला गंभीर इजा होते. एक मोठी उत्पादक कंपनी तर वरून चांगल्या दिसणाऱ्या स्प्रिंगाही दर दोन वर्षांनी बदलायला सांगते. शिवाय तुम्ही एका यंत्रावर दुसऱ्या कंपनीच्या स्प्रिंगा लावल्या आहेत. लाल, निळ्या, पिवळ्या रंगांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे ‘एक लाल, एक निळी’ म्हटले की शेजारच्या दोघांना वेगवेगळा भार मिळतो. दोर विरलेले आहेत, आणि रुळांवर साचलेल्या मळामुळे चाके अडखळतात. रूळ मऊ कापडाने पुसणे हे आठवड्याचे काम आहे, त्यासाठी कारागीर बोलवावा लागत नाही.

आमच्या मागण्या अशा. गंजलेल्या आणि फट पडलेल्या स्प्रिंगा आजच काढाव्यात आणि त्या बदलल्याशिवाय ती यंत्रे चालू करू नयेत. कोणती स्प्रिंग कधी बसवली याची नोंदवही स्वागतकक्षात ठेवावी. प्रत्येक प्रशिक्षकाचे शिक्षण, तास आणि उपकरणे फलकावर लावावीत. रिफॉर्मर न शिकलेल्या प्रशिक्षकांना खुशाल मॅटचे वर्ग द्या, ते त्यांना उत्तम जमतील. रिफॉर्मरच्या एका बॅचमध्ये सहापेक्षा जास्त सभासद नकोत, आणि नव्या माणसाचे पहिले काही वर्ग एकट्याचे असावेत. आरोग्याचे फॉर्म प्रशिक्षकाने वाचून त्यावर सही करावी.

ज्यांना पुढे यायचे नाही, त्यांच्या उरलेल्या वर्गांचे पैसे परत करावेत. ‘पॅकेजचे पैसे परत मिळत नाहीत’ हे तुम्ही तोंडी सांगता, पावतीवर मात्र परताव्याची कसलीही मुदत नाही. पावतीवर मुदत नसेल, तर सदोष सेवा थांबवून 30 दिवसांत पैसे परत न करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जे शिक्षण प्रशिक्षकाकडे नाही ते जाहिरातीत आहे म्हणणे ही दिशाभूल आहे, आणि तीही याच कायद्याच्या कक्षेत येते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.

सोबत: पॅकेजच्या पावत्यांच्या प्रती, जाहिरातीचे छायाचित्र, स्प्रिंगांची व दोरांची यंत्रानुसार छायाचित्रे.

आपले,
सकाळच्या रिफॉर्मर बॅचचे सभासद
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)