विन्या, कुंग फूच्या गाण्यावरून

प्रिय विन्या,

इतके महिने काही नाही आणि एकदम एवढं लांबलचक, म्हणजे काहीतरी झालंय हे तू ओळखलंच असशील. गुडघा बरा आहे, आईची शुगर कंट्रोलमध्ये, बाकी ठीक.

तर सोसायटीच्या गणपतीत यंदा लहान मुलांचा डान्स बसवायचं माझ्याकडे आलं, आणि मी सरळ 'कुंग फू फायटिंग' लावलं. तेच रे, जे तू अख्ख्या होस्टेलला बोनी एमचं म्हणून ठासून सांगायचास! कार्ल डग्लस, विन्या, कार्ल डग्लस. आणि ती टीडीकेची कॅसेट तुझ्याकडेच राहिली, रम्याचं नाव पुढे करू नकोस. मुलांना गाणं शिकवावंच लागलं नाही, 2008च्या 'कुंग फू पांडा'मधलं सी लो ग्रीन आणि जॅक ब्लॅकने म्हटलेलं व्हर्जन त्यांना पाठ होतं. 'हू... हा' आलं की सगळ्यांच्या लाथा एकदम हवेत, बघून इतकं भारी वाटायचं.

आमच्या इथे तिसऱ्या मजल्यावर इम्फाळचं कुटुंब राहायला आलंय, त्यांचा मुलगा सगळ्यात छान नाचायचा. मग कमिटीतून सूचना आली की मुलांना लांब वेण्या लावू, टोकदार टोप्या घालू आणि काजळाने डोळे बारीक काढू. हे पोरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सुरुवातीची ती पिपाणीसारखी धून वाजली आणि दोघंतिघं बोटांनी डोळे ओढून त्याच्याकडेच बघून हसायला लागली. मी ओरडलो, ती थांबली, पण तो त्यानंतर आला नाही. त्याची आई म्हणाली, अभ्यास आहे. तुमची मिनू पुण्यात असताना शाळेच्या ट्रिपला का येत नाही विचारलं की रेबेका वहिनी हेच सांगायच्या ना? म्हणून तुलाच लिहितोय, इथे ज्याला सांगावं तो म्हणतो एवढं काय त्यात, लहान मुलं आहेत.

आता हे गाणंच काढून टाकावं का, हे डोक्यातून जात नाहीये. मला ते सोडवत नाही रे. बघ ना, ते बनलं कसं. 1974, लंडन. प्रोड्यूसर आपला बिद्दू, बंगलोरचा, मुंबईत गिटार वाजवून मग तिकडे गेलेला. गायक मूळचा जमैकाचा. रस्त्यावर पोरं कुंग फूच्या अ‍ॅक्शन करताना बघून त्याला ते सुचलं. ब्रूस ली जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि सगळीकडची पोरं तेच करत होती, आपण नंतर गच्चीवर करायचो तसं. स्टुडिओत खरं गाणं दुसरंच रेकॉर्ड होत होतं, हे फक्त रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायला, वेळ संपत आलेला, दहा मिनिटांत उरकलं. पण 'पाय' नावाच्या रेकॉर्ड कंपनीने ऐकलं आणि म्हणाले, हेच पुढे करा. रेडिओवर सुरुवातीला कोणी वाजवेना, डिस्कोंमधून ते वर आलं, सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये एक नंबर, डिसेंबरमध्ये अमेरिकेत एक नंबर. 1998 मध्ये 'बस स्टॉप' नावाच्या ग्रुपने पुन्हा काढलं तरी चाललं. आणि बिद्दूनेच पुढे 'कुर्बानी'साठी नाझियाकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं, ज्यावर तू मधुराच्या लग्नात टेबलावर चढला होतास.

म्हणजे गोऱ्यांनी कोणाची टिंगल करायला केलेलं हे गाणं नव्हे, एका चिनी हिरोवर फिदा असलेल्या बाहेरच्याच लोकांनी केलंय. मला हे मनापासून वाटतं. पण ती सुरुवातीची धून चीनची नाही. चिनी माणूस दाखवायचा म्हणून अमेरिका-युरोपातल्या नाटकवाल्यांनी तसल्या धुना आधीपासून बसवून ठेवलेल्या, नंतर कार्टूनमध्ये पण त्याच. पोरांचे हात डोळ्यांकडे गेले ते बरोबर त्याच ठिकाणी, विन्या. बिद्दूच्या मनात काही नसेल, पण धून आपलं काम करतेच. दुसरीकडे 2011 मध्ये इंग्लंडात आइल ऑफ वाइटला एका गायकाने बारमध्ये हे म्हटलं, रस्त्याने जाणाऱ्या चिनी माणसाने तक्रार केली आणि पोलिसांनी गायकाला पकडलं. तेही मला पटत नाही. गाण्यावर बंदी घालून त्या मुलाला काय मिळणार? उलट पोरं म्हणतील, ह्याच्यामुळे गेलं.

वेण्या, टोप्या, काजळ मी बंद करून टाकलंय, कमिटी चिडली तर चिडू दे. साधे टी-शर्ट, ट्रॅक पँट. धून कापून थेट 'हू... हा'पासून सुरू करायचं ठरवतोय, पण तेवढ्याने तो परत येईल असं मला वाटत नाही. त्याच्या घरी जायचंय आणि तिथे काय बोलायचं तेच सुचत नाहीये. सॉरी म्हटलं की आई 'नाही नाही, काही नाही' म्हणेल आणि विषय बंद. वहिनींना विचार, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणी दारात आलं असतं तर त्यांना काय ऐकायला आवडलं असतं? की कोणी आलेलंच नको होतं? आणि मुलाशी आधी बोलू की आईशी? मिनूलाही विचार, ती आता मोठी झाली, ती स्पष्ट सांगेल.

तुझी शिलाँगची बदली कायम झाली का? घराचं काम कुठवर आलं? मिनूचं बारावीचं ऐकलं, जाम खूश झालो, तिला सांग.

शनिवारी पुढची प्रॅक्टिस आहे, त्याआधी फोन कर. नुसता अंगठा पाठवलास तर बघ.

तुझा,
सुध्या