पळणाऱ्या जुळ्या बहिणी

एव्हान्स्टन, अमेरिका,
८ जून २०२५

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

परवाचा फोन अर्धवट राहिला, म्हणून हे पत्र. कबड्डीला सात जणी लागतात, तुझ्याकडे पाचच. त्यातल्या दोघींनी चढाई कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि शाळेला मात्र यंदाच तालुका जिंकायचाय! तू कोचिंग सोडायचं बोललीस, तेव्हा मला आमच्या इथल्या लक्रॉसच्या कोच केली अमाँटी हिलर बाई आठवल्या.

घराजवळच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. मिशिगन सरोवराला खेटून मुलींचं लक्रॉसचं मैदान. नावाला सरोवर, पलीकडचा काठ काही दिसत नाही. लक्रॉस म्हणजे काठीच्या टोकाला जाळीचा खिसा, त्यात रबरी चेंडू झेलायचा, पळायचं, फेकायचा. एका संघात बारा जणी. मूळ खेळ इथल्या आदिवासींचा. मुलींना मुलांसारखी अंगाला अंग भिडवायची मुभा नाही, त्यामुळे सगळी मदार पायांवर आणि मनगटावर. पहिला सामना पाहिला तेव्हा मला ओ की ठो कळलं नव्हतं. शेजारीण ओरडली की मीही ओरडायचे.

या खेळाचा जोर पूर्व किनाऱ्यावर. नॉर्थवेस्टर्नने तर १९९२ नंतर मुलींचा संघ गुंडाळूनच टाकला होता. तो २००२ मध्ये पुन्हा मैदानात उतरला, तो या बाईंच्या हाताखाली. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. स्वतः मेरीलँड विद्यापीठाकडून खेळलेल्या, १९९५ आणि १९९६च्या विजेत्या संघातल्या. खेळाडू म्हणून नाव मोठं, पण इथे हाताशी मुली कुठे होत्या? एकदा आवारात दोन जुळ्या बहिणी पळताना दिसल्या, कोस्टर आडनावाच्या. पळण्याची ढब बघून बाईंनी त्यांना संघात ओढलं. दोघी तोवर लक्रॉस खेळलेल्याच नव्हत्या! आणि २००५ मध्ये हा संघ २१ पैकी २१ सामने जिंकून देशात पहिला आला.

त्या वर्षीची गंमत ऐक. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासोबत फोटो, आणि काही पोरी चक्क रबरी चपला घालून गेल्या. देशभर चर्चा चपलांची, खेळाचं कुणी विचारेना. पोरीही वस्ताद, एका आजारी मुलीच्या मदतीसाठी त्याच चपला लिलावात काढल्या.

मग २००९ पर्यंत सलग पाच विजेतेपदं. बाईंच्या गुरू सिंडी टिमचल याही एकेकाळी नॉर्थवेस्टर्नच्याच कोच. त्या मेरीलँडला गेल्या आणि १९९५ ते २००१ सलग सात वर्षं जिंकल्या. म्हणजे इथून गेलेली विद्या शिष्येच्या हातून घरी परतली म्हण ना! २०१० च्या अंतिम सामन्यात मेरीलँडने यांना हरवलं. तिथे कोच कॅथी रीस, टिमचलबाईंच्याच शिष्या, म्हणजे यांच्या गुरुभगिनी. पुढच्याच वर्षी यांनी ८-७ ने उट्टं काढलं. २०१२ लाही जिंकल्या.

आणि त्यानंतर अकरा वर्षं काही नाही. मला बाई भावतात त्या या अकरा वर्षांसाठी. उपांत्य फेरीपर्यंत जायचं आणि रिकाम्या हाती परतायचं, असं कितीदा झालं. २०२२ मध्ये तर हातातला सामना निसटला, १५-१४. इतक्यांदा जिंकलेल्या माणसाला पुन्हा पहाटे मैदानावर उभं राहावंसं कसं वाटत असेल? २०२३ मध्ये बोस्टन कॉलेजला १८-६ असं लोळवलं. २०२४ मध्ये त्याच बोस्टनकडून एका गोलने हरल्या, आणि परवा मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनाकडून १२-८. शेजारणीने दोन दिवस धड जेवण केलं नाही.

आता तू म्हणशील, त्यांच्यामागे एवढं मोठं विद्यापीठ, पैसा, माझ्याकडे काय, चुना आखलेलं मैदान. खरंय. ते मी नाकारत नाही. पण एक सांग, एसटी सुटल्यावर दप्तर सावरत मागे पळून ती गाठणारी ती सहावीतली पोर, तूच हसत हसत सांगितलं होतंस, तिला विचारलंस का कधी? मला तर तेव्हापासून तिचं नाव विचारायचंय.

मॅटसाठी थोडे पैसे पाठवतेय. परत पाठवलेस तर बोलणार नाही. आईंना नमस्कार.

तुझी,
वर्षा