शर्टाची बटणं उजव्या बाजूलाच लावलीत

बाळा,

फोनवर बोलायला गेलं की माझा गळा दाटतो आणि मी जेवलीस का, तिकडं पाऊस आहे का एवढंच विचारून ठेवून देतो, म्हणून आज दुकान लवकर बंद करून मोबाईलवर टाईप करायला बसलोय.

मिरजेच्या लग्नाचं माझ्या डोक्यातनं जात नाही. तू म्हणालीस पप्पा मी कुर्ता जॅकेट घालतो, मी म्हटलं एक दिवस लोकांसाठी साडी नेस, आणि तू नेसलीस. फोटोच्या वेळी मामी म्हणाली, बघा आता कशी मुलगी दिसतेय, सगळे हसले, मीपण हसलो. रात्री तू पार्किंगमध्ये गाडीत सापडलीस, शुद्ध नव्हती, पदर उलटीनं भरलेला, आणि मी काय बोललो तर अब्रू घालवलीस. त्या हसण्याची आणि त्या बोलण्याची माफी मागतोय.

तुझा पहिला शर्ट तू आठवीत असताना मीच शिवला होता, तुझ्या आईला न सांगता. गड्यांच्या शर्टाला बटणं उजवीकडं, बायकांच्या डावीकडं, तू सांगितलेलंस उजवीकडं लाव. मला तेव्हाच कळलं होतं गं, पण तोंडातनं शब्द निघाला नाही. आपल्या सांगली-कोल्हापूरकडं तर पोरी मी येतो मी जातो असंच बोलतात, त्यात कुणाला काही वाटत नाही, मग पोरीनं केस बारीक केले आणि शर्ट घातला की लोकांना एवढं काय होतं?

स्टँडवर लेडीज टॉयलेटच्या दारात तुला अडवलं म्हणून तू पुण्यापर्यंत पाणी न पिता जातेस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडनं कळलं. तिचे केस लांब, टिकली असते, तिला कोण काय विचारत नाही, सगळं तुझ्यावरच येतं. रूम सोडायला लागली तेव्हापण मालकिणीचं बोट तुझ्याकडंच होतं. आणि रात्री बाटली.

मी इथल्या एका डॉक्टरांना भेटलो, तुझं नाव न सांगता. ते म्हणाले, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांमध्ये दारू सिगारेट जास्त दिसते असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, आणि त्यामागं रोजचा अपमान, लपवाछपवी, आता कोण काय बोलेल ही धास्ती असते, त्याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून तेवढीच दारू तिला जास्त चढते, लिव्हरपण लवकर खराब होतं. आत्या म्हणत होती औषधानं पोरगी बदलेल, तेपण विचारलं. डॉक्टर जरा रागावलेच. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच हे आजारांच्या यादीतनं काढलंय म्हणाले. आत्याला मी तसंच सांगितलं, ती आता गप्प आहे.

6 सप्टेंबर 2018 ला, सुप्रीम कोर्टानं 377 कलमाचा निकाल दिला, असं प्रेम गुन्हा नाही म्हणून, त्या दिवशी, तू घरी कंदी पेढे आणलेलेस आणि कशाचे ते सांगितलं नाहीस. मी विचारलंपण नाही, दोन खाल्ले. 2023 च्या ऑक्टोबरात कोर्टाकडनं तुमच्यासारख्या जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही, तेव्हा दोन दिवस तुझा फोन बंद होता. आता जोडून बघतोय सगळं.

एक ऐक, उद्यापासून बंद असं एकटीनं करू नकोस. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासूनचं, तिथं बायकांसाठी निशिगंध म्हणून वेगळा विभाग आहे. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे, तेपण व्यसनमुक्तीचंच. रात्री फारच जड झालं तर 14416 ला फोन लाव, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे पडत नाहीत. आणि 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो की कुणावर प्रेम करतेस यावरनं तुला उपचारात वेगळं वागवता येत नाही. तू म्हणशील त्या दिवशी मी येतो बरोबर, दुकानाचं बघता येईल.

गणपतीला दोघी या. मामी येणार आहे, तिच्याशी मी आधीच बोललोय.

पार्सलात भडंग आहे आणि निळा लिननचा शर्ट, बटणं उजवीकडंच. माप जुनंच धरलंय, खांद्याला अर्धा इंच लूज ठेवलाय, घालून बघ आणि कुठं ओढत असेल तर सांग.

पप्पा