लिमातल्या सुर्कियोच्या मंडईतल्या बटाटेवाल्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट अजून आहे. म्हणून मावशीच म्हणते. आमच्याकडे मंडईत बसणाऱ्या बाईला तसंच म्हणतात.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण गळा दाटून आला की मला दुसऱ्या कुठल्याही भाषेत बोलता येत नाही. माझी मैत्रीण ऑक्टोबरात लिमाला येते आहे. तिला स्पॅनिश चांगलं येतं, ती तुम्हाला वाचून दाखवेल. आणि इथे सगळ्यांसमोर लिहिते, कारण परत आल्यापासून जो तो मला विचारतो, "पेरूमध्ये तुला लुटलं म्हणे?" हो, लुटलं. पण त्या दिवशी आणखीही काही घडलं, ते कुणी विचारत नाही.

तो २७ जुलै होता. दुसऱ्या दिवशी तुमचा स्वातंत्र्यदिन, त्यामुळे घराघरावर लाल-पांढरे झेंडे लागले होते. तुमच्याही गाळ्यावर, वजनकाट्याच्या वर एक कागदी झेंडा टाचलेला होता. आठवडाभर मी लिमात अक्षरशः हुंदडत होते. बारांकोचा तो लाकडी 'उसाशांचा पूल', मिराफ्लोरेसच्या कड्यावरून पॅराशूट घेऊन उडणारी माणसं, खाली पॅसिफिक. २८ जुलै १८२१ ला सेनापती सान मार्तिननं जिथे स्वातंत्र्याची घोषणा केली, त्या चौकात तर मी तीनदा जाऊन बसले. आभाळ मात्र सतत राखाडी. तुमच्याकडे त्याला 'गाढवाचं पोट' म्हणतात, हे ऐकून मला फार आवडलं होतं. समुद्रातल्या थंड प्रवाहामुळे हिवाळाभर ढग खाली येऊन बसतात, पाऊस असा पडतच नाही, नुसती बुरबुर. कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत.

त्या सकाळी मी एका हॉस्टेलातून दुसऱ्या हॉस्टेलात निघाले होते. सगळं सामान पाठीवर. बसमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. उतरले तेव्हा पाठ हलकी लागली. सॅकचं बूड ब्लेडनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं होतं. पाकीट ठेवलेली छोटी पिशवी गेली. पासपोर्ट कमरेला होता म्हणून वाचला.

नव्या हॉस्टेलात पोचले, तर काउंटरवरच्या मुलानं माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. कार्ड नसेल तर रोख भरा, नाहीतर बेड दुसऱ्याला देतो, म्हणाला. विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं आणि फोन कट झाला. बाकावर बसलेल्या दोघा प्रवाशांपैकी एक म्हणाला, "आम्ही तीन महिने फिरतोय, आम्हाला नाही कधी असं झालं." घरी फोन लावला तर एक नातेवाईक पहिलं वाक्य बोलले, "एकटीला जायला सांगितलं होतं कुणी?" मी कुठे आहे, जेवले का, मला काही लागलंय का, हे त्या दिवशी दुपारपर्यंत मला एकाही माणसानं विचारलं नाही. राग आहे अजून. लपवत नाही.

मी सॅक लेकरासारखी छातीशी धरून चालत सुटले. खंदकासारखा खोल असलेला तो हमरस्ता ओलांडला आणि समोर मंडई दिसली. आत शिरले, का ते ठाऊक नाही. तुमच्या गाळ्यापुढे पाय थांबले, ते बटाट्यांमुळे. पिवळे, जांभळे, तांबडे, काही आल्यासारखे गाठाळ. मी आंबेगाव तालुक्यातली, सातगाव पठाराजवळची. बटाट्यावर आमची घरं उभी आहेत. बेणं कापताना आजीच्या शेजारी बसून मी मोठी झाले. पण बटाटा मुळात तुमच्या डोंगरांतला, हजारो वर्षांपूर्वी तुमच्या माणसांनी रानटी झुडपातून घडवलेला, तीन हजारांहून जास्त वाणांचा, हे मला तिकडे येईपर्यंत धड माहीत नव्हतं. पोर्तुगीज तो समुद्रमार्गे घेऊन आले आणि आमचा झाला.

तुम्ही मान वर करून म्हणालात, "कसेरिता." म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. मी तुमच्याकडून आयुष्यात काही घेतलं नव्हतं.

मी काहीतरी बोलायला गेले आणि हात सुटला. फाटलेल्या बुडातून सगळे कपडे खाली आले. वरचे आले ते आले, आतलेही आले. ओल्या फरशीवर, भर बाजारात. पलीकडून दोन हमाल ढकलगाडी घेऊन येत होते.

तुम्ही अंगातला स्वेटर काढलात. विटकरी रंगाचा, कोपरावर रफू केलेला. तो माझ्या कपड्यांवर टाकलात. माझ्याकडे बघितलं नाहीत, काही बोललात नाही. हमाल जाईपर्यंत त्याच्यापुढे पाठ करून उभ्या राहिलात. मग खाली बसलात आणि स्वेटरच्या आडूनच एकेक कपडा चाचपून घडी घालून आत भरलात. त्या दमट गारठ्यात तुमच्या अंगावर पातळ सदरा होता आणि दंडावर काटा आलेला मला दिसत होता.

मावशी, पैसे गेले हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं. मला लाज वाटत होती, हे फक्त तुम्हाला कळलं. मदत करणारे लोक जगात पुष्कळ आहेत, मला पुढेही भेटले. पण समोरच्याचं नेमकं कुठे दुखतंय हे न विचारता ओळखणारं माणूस मी माझ्या आजीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

मग तुम्ही बाजूच्या पोत्यात खोचलेलं दाभण काढलंत. तेही आमच्या आजीसारखंच. पोती शिवायचा निळा प्लॅस्टिकचा दोरा ओवलात, सॅक मांडीवर उलटी घेतलीत. दाभणाचं टोक मोडलेलं होतं, जाड कापडातून जाता जात नव्हतं. तुम्ही अंगठ्यावर चिंधी गुंडाळून ते रेटत होता. प्रत्येक टाक्याला दोरा ओढून, गाठ मारून, पुन्हा पुढे. शेवटी दोरा दातानं तोडलात आणि सॅक वर उचलून दोनदा झटकलीत. मग ती माझ्या पाठीला न लावता छातीवर अडकवलीत, पट्टे आवळलेत आणि वर दोन थापा मारल्यात. असं घालायचं. लिमातली पोरं-पोरी बसमध्ये अशीच घालतात, हे मी त्यानंतर पाहिलं.

समोरच्या गाडीवरून तुम्ही गरम एमोलिएन्ते मागवलंत. सातूचं पाणी, जवस, पाल्याचा अर्क आणि वर लिंबू. जवसाची चटणी मी लहानपणापासून खाल्ली आहे, पण जवस असा प्यायला मिळेल असं वाटलं नव्हतं. तो बुळबुळीत, कढत पेला दोन्ही हातांत धरल्यावर मला रडू आलं. तुम्ही रडू दिलंत, आणि मध्येच एका बाईला दोन किलो बटाटे तोलून दिलेत.

तिसऱ्या दिवशी पैशांची सोय झाली. कशी, ते सोडा. मी पुन्हा आले, एक किलो पिवळे बटाटे मागितले. पैसे तुम्ही मोजून घेतलेत, त्याचं मला फार बरं वाटलं. मग काटा उतरवल्यावर तीन छोटे जांभळे बटाटे वर टाकलेत आणि म्हणालात, "यापा." माप पूर्ण झाल्यावर वर टाकायचं ते. आमच्या मंचरच्या बाजारातही भाजीवाल्या कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकतात, त्याला असं छान नाव मात्र नाही. त्या बटाट्यांची भाजी मी मोहरी-हळदीशिवाय केली. पिवळा बटाटा शिजल्यावर इतका भुगा होतो की तेल नुसतं पिऊन टाकतो, पण हॉस्टेलमधल्या चौघांनी कढई पुसून खाल्ली.

पुढचे सात आठवडे मी फिरले. परत जावं असं एकदाही वाटलं नाही. कुस्कोच्या थंडीत, पुनोच्या तळ्याकाठी सॅक तीच होती. निळे टाके सत्तावीस आहेत, मी मोजले. एकही सुटला नाही.

मैत्रिणीबरोबर एक पुडी पाठवते आहे. पुण्याच्या बोहरी आळीतून तीन दाभणं घेतली आहेत, दोन मोठी आणि एक वाकडं. दुकानदाराला म्हटलं, जाड कापडातून गेली पाहिजेत. त्यानं माझ्यासमोर ताडपत्रीतून घालून दाखवली. तिला बजावलं आहे, ती चेक-इनच्या सामानात टाक, हातातल्या पिशवीत घेतलीस तर काढून घेतील. सोबत सुतळीचा एक तोडाही आहे.

तुमची,
सॅकवाली मुलगी