समोरच्या बूथवाल्या काकांना

काका,
साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमची मुलगी स्टुडिओत आली आणि बूथचं जुनं रजिस्टर माझ्या हातात ठेवून गेली. "बाबा म्हणाले, यात समोरच्या ताईचे फोन आहेत, तिलाच दे," एवढंच म्हणाली. लांबट वही, लाल पाठीची, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. बाहेर पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून उभ्याउभ्याच चाळायला घेतली. थोड्या वेळानं शटर अर्धं ओढलं आणि खाली बसले. त्या दुपारपासून हे पत्र डोक्यात आहे.

तुम्हाला एकट्याला लिहिलं असतं तर "काय लिवत बसली बेटा" म्हणून तुम्ही घडी करून खिशात टाकलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे.

१९९९ साल. सक्करदऱ्याला बुधवार बाजाराच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ, आणि समोर पिवळ्या पाटीचं तुमचं एसटीडी बूथ. तुमचे पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. हातानं फिरवायच्या तीनचाकीवर तुम्ही सकाळी यायचे ते रात्री सगळा रस्ता निजल्यावर जायचे. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, कॅमेरा आणि डार्करूम माझ्या अंगावर होती. घरी फोन नव्हता. धाकटा तोफखान्यात, नाशिकरोडला ट्रेनिंग करून पुढे गेलेला. युनिटच्या कागदांवर घरचा नंबर म्हणून त्यानं तुमचा नंबर दिला होता, पुढे कंसात 'पी.पी.', म्हणजे फोन शेजारचा, घरच्यांना बोलावून द्यावं लागेल. त्या काळी अर्ध्या मोहल्ल्याचा पी.पी. नंबर तोच होता.

तो मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला सुट्टीवर आला होता. लग्न झालं, हळद उतरली नव्हती तोच तार आली की सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. कारगिल हे नाव तेव्हा आमच्या रस्त्यावर कुणाला नीट माहीत नव्हतं. २१ मेला तो निघाला. निघण्याआधी वर्दी घालून स्टुडिओत आला, निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, एक फोटो काढ ना वर्दीतला."

मी म्हटलं, रोल संपला.

खोटं होतं ते. छत्तीसचा रोल, कॅमेऱ्याचा आकडा २५ वर होता, अकरा फोटो शिल्लक होते. पण काका, माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. महिन्यातून दोन-तीनदा कुणीतरी पाकिटातून पासपोर्टचा फोटो काढून द्यायचं आणि म्हणायचं, याचा मोठा करून द्या, फ्रेमसकट, तेराव्याच्या आत पाहिजे. डोळ्याच्या वरची धूळ पेन्सिलनं भरताना, कॉलर नीट करताना मी ते चेहरे बोटाएवढ्या अंतरावरून बघायचे. त्या दिवशी धाकट्याला त्या स्टुलावर बसलेला बघून माझा हात शटरपर्यंत गेला नाही. तो हसला, "आल्यावर काढू" म्हणाला, आणि आईच्या पाया पडून गेला. स्टेशनवर जी.टी. एक्स्प्रेसच्या खिडकीतून त्यानं हात हलवला तेव्हाही कॅमेरा माझ्या पिशवीतच होता.

हे मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तुम्ही काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर तुमच्या काउंटरच्या कडेला सायकलची घंटी स्क्रूनं पक्की बसवलेली. "फोन आला का तीनदा वाजवीन. मले काही पळत येता येत नाही, तू पळत ये."

त्या साली ज्येष्ठ अधिक आला होता, १६ मे ते १३ जून. धोंड्याच्या महिन्यात मुहूर्ताची लग्नं नसतात. फोटोग्राफरची ऐन मे महिन्यातली कमाई बंद. बौद्धांकडची दोन लग्नं मिळाली, तेवढ्यावर घर चाललं. बाकी दिवसभर मी आणि रेडिओ. सकाळी शटर उघडायचं, आरसा-कंगवा पुसायचा, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला काळा कोट झटकायचा आणि बर्फाला जायचं. फिल्म धुवायचं औषध, डेव्हलपर, २० अंशांवर लागतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणी हाताला चटका देतं. गरम पाण्यात फिल्मवरचा थर मऊ पडतो, सुरकुततो, चेहऱ्यावर जाळी पडल्यासारखं होतं. म्हणून बर्फाचा तुकडा भुशातून काढून गोणपाटात गुंडाळून आणायचा, बादलीत ठेवायचा आणि त्यात बाटल्या उभ्या करायच्या. २६ मेला हवाई दलानं हल्ले सुरू केल्याची बातमी ऐकली तेव्हा मी त्या बादलीत थर्मामीटर धरून बसले होते. बुधवार होता, बाहेर बाजार भरला होता. खेड्यांवरून आलेली माणसं शाळेच्या फॉर्मसाठी पोरांचे फोटो काढायला रांगेत उभी होती. मी एकेकाची हनुवटी वर करत होते, "इकडे बघ, हलू नको" म्हणत होते. त्या दिवसाचे सगळे फोटो चांगले आले. कसे आले, मला आजही सांगता येत नाही.

१६ जूनचा बुधवार तर तुम्हालाही आठवत असेल. कारगिलचं तोलोलिंग शिखर घेतल्याची बातमी येऊन दोन-तीन दिवस झाले होते, आणि धाकट्याकडून जम्मूच्या फोननंतर काही नव्हतं. संध्याकाळी बाजार उठला आणि मी दिवसाचा रोल घेऊन डार्करूममध्ये गेले. रोल धुवायच्या छोट्या बंद टाकीत भरताना लाल दिवासुद्धा चालत नाही. पूर्ण काळोखात, नुसत्या बोटांनी फिल्म स्पायरलवर, म्हणजे खाचांच्या चक्रीवर, चढवायची असते. अर्धी चढली होती. आणि तुमची घंटी वाजली. तीनदा. थोड्या वेळानं परत तीनदा.

दार उघडलं असतं तर बत्तीस पोरांचे फोटो गेले असते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया चार-चार कोसांवरून फोटो न्यायला येणार होत्या. मी भराभर चढवायला गेले तशी फिल्म खाचेतून सुटली. परत काढली, परत चढवली, हात घामानं ओले. झाकण फिरवून मी धावत रस्ता ओलांडला तेव्हा तुम्ही रिसीव्हर खाली ठेवत होते. लाइन कटली होती.

मी तुमच्या बाकड्यावर बसले. रडलेही असेन. तुम्ही हेच रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. तुमचं ते उभट, शाळेतल्यासारखं अक्षर:

"१६ जून, बुध. सायं. ७.१०. धाकटा. बरा आहे. थंडी फार. पत्र मिळालं. आईनं उपास करू नये. कानात सारखा आवाज राहतो, म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं. फोटो राहिला, आल्यावर काढू. ताईला रागवू नका म्हणाला."

तुम्ही त्याला तीन मिनिटं बोलतं ठेवलं होतं आणि एका हातानं सगळं टिपलं होतं. बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. येणाऱ्या फोनचा तुम्हाला एक पैसा मिळत नव्हता, उलट लाइन अडायची. ते सगळं तुम्ही एका चिठ्ठीवर उतरवून दिलंत आणि मी रात्री आईला तीनदा वाचून दाखवलं.

त्या रोलच्या एका निगेटिव्हवर माझ्या बोटाची खूण राहिली. फिल्म घाईत दुमडली की चंद्रकोरीसारखा डाग पडतो. एका मुलाच्या गालावर ती कोर आली. मी प्रिंटवर ब्रशनं बुजवली, पण ती पट्टी फेकली नाही.

हे सगळं मला आठवत होतं. रजिस्टर उघडण्याआधी मला वाटायचं की तुमचे उपकार एवढेच.

७ जुलैची नोंद मी मागच्या महिन्यात पहिल्यांदा वाचली. "रात्री ९.४०. धाकट्याचा सोबती, जम्मूहून. डाव्या खांद्यात स्प्लिंटर. श्रीनगर, बेस हॉस्पिटल. जीवाला धोका नाही. घरी सांगू नका म्हणाला." खाली लाल पेननं, दोनदा अधोरेखित: "पोरीला सांगायचं नाही. आईचं बीपी."

काका, ८ जुलैला सकाळी तुम्ही मला काय सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. "सोबत्याचा फोन होता. गडी ठीक हाय. आता महिनाभर फोन नाही येणार, वाट नको पाहू." टायगर हिल चार दिवसांपूर्वीच घेतली होती, सगळा रस्ता खुशीत होता. मी पेढे आणून वाटले. तुम्ही अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधून ठेवला. मी म्हटलं, काकूंसाठी का? तुम्ही मान हलवली.

आणि त्याच रात्रीपासून पुढच्या नोंदी. गिऱ्हाइकाच्या रकान्यात 'स्वतः'. गावाच्या रकान्यात 'श्रीनगर'. चौदा नोंदी मोजल्या मी, सगळ्या रात्री उशिराच्या, फोनचे दर उतरल्यावरच्या. नऊंपुढे 'लागला नाही'. पाचांपुढे रक्कम. एकीपुढे, "ताप आहे." दुसरीपुढे, "टाके बरे. उठून बसला." शेवटची २९ जुलैची: "सिस्टर म्हणाल्या, उद्या त्यालाच फोनवर आणते." आणि ३० तारखेला तीन घंट्या वाजल्या होत्या. मी धावत आले होते, तो स्वतः बोलला होता, आणि तुम्ही पंख्याकडे बघत बसला होतात.

पाच फोनचे मिळून १६७ रुपये होतात. पासपोर्टच्या आठ कॉपी मी तेव्हा तीस रुपयांना देत होते. तुमच्या दिवसाच्या कमाईचा मला अंदाज आहे, म्हणून हा आकडा मला कळतो.

खरं सांगते, वाचल्यावर आधी राग आला. तेवीस दिवस मी तुमच्यासमोर हसत-बोलत होते. चहा पाठवत होते. लग्नं पुन्हा सुरू झाल्यावर वऱ्हाडी कसे नाचले ते तुम्हाला सांगत होते. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. माझ्या भावाचं दुखणं मला कळायला नको होतं का? हा प्रश्न मी तुम्हाला समोर बसून विचारणार आहे. पण तेव्हा कळलं असतं तर मी आईपासून लपवू शकले नसते, तेवढं मी स्वतःला ओळखते. आईनं ते तेवीस दिवस काढले नसते, असं आता वाटतं. तो नोव्हेंबरात घरी आला आणि सदरा काढल्यावर तिनं ती जखम पाहिली. तेव्हा तो तिच्यासमोर उभा होता, त्याच्या हातात जेवणाचं ताट होतं. आई पुढे अकरा वर्षं जगली.

रजिस्टर वाचून रात्री मी धाकट्याला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, हॉस्पिटलात एक सिस्टर यायच्या. म्हणायच्या, नागपूरहून तुमच्या काकांचा फोन होता, कसे आहात विचारत होते. मले वाटे, आपले कामठीचे काका. घरी आल्यावर त्यांना विचारलं तर ते नाही म्हणाले. मग मी म्हटलं, सिस्टरची काही गडबड झाली असेल." पंचवीस वर्षं त्यानं तो विषय तिथेच सोडला होता.

तुमच्या नोंदी त्या वहीत आहेत हे तुम्ही विसरला होतात, की लक्षात असूनच मुलीच्या हाती पाठवलीत? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. तुम्हीच सांगा.

आणखी एक. नोव्हेंबरात तो आला तेव्हा मी ते राहिलेले अकरा फोटो त्याचे काढले, वर्दीत, त्याच स्टुलावर. तुम्हाला किती हाका मारल्या. "गिऱ्हाईक हाय," म्हणत तुम्ही आला नाहीत. बूथ रिकामं होतं, मला दिसत होतं. मोबाईल आले, पिवळी पाटी उतरली, तुम्ही मुलीकडे वर्ध्याला गेलात, आणि मी पंधरा वर्षं तुमच्या समोर कॅमेरा घेऊन बसून तुमचा एकही फोटो काढलेला नाही. या महिन्यात निगेटिव्हचे सगळे डबे उपसले. एक सापडलं. स्टुडिओच्या पायरीवर पाटी घेऊन बसलेली एक मुलगी, आणि तिच्यामागे, धूसर, तुमच्या तीनचाकीचं चाक आणि काउंटरवर ठेवलेला एक हात. तुमचा चेहरा बूथच्या पाटीच्या सावलीत गेलाय.

येत्या बुधवारी आम्ही दोघं वर्ध्याला येतोय. धाकट्याचा डावा कान अजून जड आहे, त्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागेल. बाबांचा जुना कॅमेरा दुरुस्त करून घेतलाय आणि ब्लॅक अँड व्हाइट रोलही मिळालाय. छत्तीसच्या छत्तीस फोटो शिल्लक आहेत. दाढी करून, तो पांढरा सदरा घालून खिडकीजवळ बसा, उजेड सकाळचा चांगला असतो.

तुमची,
समोरच्या स्टुडिओतली पोरगी